सुर्ल्याच्या सावलीतले फळ

आपल्या स्वयंपाकघरात आले आणि हळद यांना जे स्थान आहे ते इतके जुने आणि इतके निर्वेध आहे, की या दोन वनस्पतींना फळ येते किंवा नाही, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात उद्भवतही नाही. शेतकरी त्यांचे गड्डे जमिनीत पुरतो, गड्डेच उकरून काढतो, आणि त्यांतलेच निवडक गड्डे पुढील सालच्या बेण्यासाठी राखून ठेवतो. अशा रीतीने बी न पेरता आणि फळ न पाहता, केवळ भूमिगत खोडाच्या तुकड्यांवर या पिकांचा वंश कित्येक शतके चालत आलेला आहे. या दीर्घ सहवासाचा परिणाम असा झाला, की लागवडीच्या आल्याला बी क्वचितच धरते. हळदीत गुणसूत्रांचे संच दोनाऐवजी तीन झाल्यामुळे ती बहुधा वंध्य राहते. आणि ज्याला निःसंशय रानटी म्हणता येईल असे आले आज जगाच्या पाठीवर कोठे आढळत नाही. माणसाच्या आश्रयाला येताना या दोघींनी आपले फळ जणू त्याच्या स्वाधीन केले. परंतु याच घराण्यातील ज्या वनस्पती अरण्यातच राहिल्या, ज्यांच्या मुळाशी कुदळ क्वचितच पोहोचली, त्यांनी आपले फळ सोडलेले नाही. आणि त्यांपैकी एकीच्या, म्हणजे वेलदोड्याच्या, फळाने तर सह्याद्रीच्या सावलीतला सुगंध समुद्रापलीकडच्या बाजारपेठांत नेऊन पोहोचविला. आर्द्रक-कुलातील रानटी वनस्पती, त्यांची फळे, आणि त्या फळांना आसरा देणारी सुर्ल्याची भूमी, हा या पुस्तकाचा विषय आहे. त्याची ओळख करून देण्यासाठी चार गोष्टी विस्ताराने सांगणे प्राप्त आहे.

सुर्ला म्हटल्यावर गोव्याबाहेरच्या वाचकाचा थोडा गोंधळ होण्याचा संभव आहे, कारण या नावाची एकाहून अधिक गावे गोव्यात आहेत. पहिले सुर्ला डिचोली तालुक्यात, साखळीच्या परिसरात, मांडवीच्या खोऱ्यातल्या सखल मुलखात वसलेले. दुसरे तांबडी सुर्ला, अनमोड घाटाच्या पायथ्याच्या दाट अरण्यात, जेथे कदंबांच्या काळात काळ्या पाषाणात घडविलेले महादेवाचे मंदिर आजही पावसाळी ओहोळाच्या काठी उभे आहे. आणि तिसरे सत्तरी तालुक्यातले सुर्ला, थेट घाटमाथ्यावर, चोर्ल्याच्या शेजारी, जेथून उगम पावणारा सुर्ला नाला म्हादईच्या पाणीतंट्याच्या कागदपत्रांतून सर्वांना परिचित झालेला आहे. एकाच नावाची ही तीन गावे सखल भाग, पायथा आणि माथा अशा तीन पायऱ्यांवर वसलेली असावीत, हा निव्वळ योगायोग असेल. परंतु आपल्या विषयाच्या अभ्यासकाला तो फार उपकारक ठरतो. कारण डिचोलीच्या सुर्ल्याहून निघून घाटमाथ्याच्या सुर्ल्यापर्यंत जो जाईल, त्याला आर्द्रक-कुलाची सगळी बिऱ्हाडे वाटेत भेटतील: खाली जांभ्या दगडाच्या उतारांवर पावसाबरोबर उगवून पावसाबरोबर मावळणारी रानहळद आणि पेव, मध्ये कुळागरातल्या सुपारीखाली माणसाने लावलेला वेलदोडा, आणि वर, तेथून पुढे अनमोडकडून उत्तर कानड्यात शिरल्यावर, ज्या सदाहरित अरण्यपट्ट्यात वेलदोडा आपल्या मूळच्या मालकीने राहतो, त्याचा आरंभ.

डिचोली, पेडणे आणि सत्तरी हे महाल अठराव्या शतकाच्या नवव्या दशकात पोर्तुगेज अंमलाखाली आले. तत्पूर्वी ते वाडीकर भोसल्यांच्या सत्तेत होते. पोर्तुगेजांनी या प्रदेशाला नव्या काबिजादी असे नाव दिले, आणि जुन्या काबिजादींत धर्मांतराने व सक्तीने जे घडले ते येथे फारसे घडले नाही. त्यामुळे देवस्थानांच्या राई, गावकऱ्यांच्या वहिवाटी आणि पाण्याच्या पाळ्या येथे पुष्कळ अंशी अबाधित राहिल्या. वनस्पतींच्या पुस्तकात इतिहास कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्या देवराईत कुऱ्हाड घालण्यास बंदी आहे, तिच्याच तळाशी ओल टिकते, आणि जेथे ओल टिकते तेथेच हे कूळ नांदते. सत्तरीत बांबर येथील निरंकाराची राय हे याचे उत्तम उदाहरण होय. रानटी जायफळाची दलदल गोव्यात अगदी मोजक्या ठिकाणी उरली आहे, आणि त्यांतली ही एक, तिथल्या लोकांच्या श्रद्धेमुळेच टिकली.

आता प्रत्यक्ष वनस्पतीकडे वळू. आर्द्रक-कुलाचे पहिले लक्षण हे, की ज्याला आपण त्यांचे खोड समजतो ते खोड नसतेच. मनुष्याच्या उंचीएवढे, प्रसंगी त्याहूनही उंच वाढणारे ते दांडे म्हणजे एकमेकांभोवती गुंडाळलेल्या पर्णतलांची नळी असते. खरे खोड जमिनीत आडवे पसरलेले असते, आणि दुष्काळ, वणवा व गुरे यांच्यापासून बचाव करण्याचे सारे सामर्थ्य त्या भूमिगत खोडात साठविलेले असते. दुसरे लक्षण फुलात आढळते, आणि ते अधिक मनोवेधक आहे. या कुलातील फुलात फलनक्षम पुंकेसर एकच असतो; बाकीच्यांपैकी दोघांनी आपले मूळ कार्य सोडून, एकत्र जुळून, एका रुंद ओष्ठाचे रूप घेतलेले असते. फुलातला जो भाग डोळ्यांत भरतो, ज्यावर रंगीत रेषा उमटलेल्या असतात आणि ज्यावर मधमाशी येऊन टेकते, तो पाकळी नसून पुंकेसरांचे रूपांतर होय. आणि स्त्रीकेसराचा नाजूक तंतू त्या एकुलत्या पुंकेसराच्या परागकोशांमधल्या खाचेतून वर येतो, इतका की पुंकेसराने त्याला हातात धरून उभे केले आहे असे वाटावे. मात्र त्याचे टोक परागकोशाच्या किंचित वर राहते, त्यामुळे फुलाचे स्वतःचे पराग स्वतःच्या कुक्षीवर आपोआप पडत नाहीत. पाहुणा यावा लागतो.

वेलदोड्याचे एक वैशिष्ट्य असे, की त्याची फुले पानांच्या शेंड्याशी न येता थेट मुळाशी येतात. पानांचे दांडे दोन ते चार मीटर उंच जातात, आणि फुलोऱ्याच्या लांब काड्या मात्र त्यांच्या बुंध्यापासून निघून पाचोळ्यावरून सरपटत जातात; मलबारी जातीत तर त्या अगदी जमिनीलगत पसरतात. ज्याला वेलदोड्याचे फूल पाहावयाचे असेल त्याने मान वर करून उपयोग नाही. त्याला गुडघे टेकावे लागतात, ओल्या पाचोळ्याच्या वासात नाक खुपसावे लागते, आणि मग पांढऱ्या ओष्ठावर जांभळ्या रेषांचा पंखा उघडलेला ते इवलेसे फूल दृष्टीस पडते. ते भल्या पहाटे उमलते आणि त्याचे आयुष्य एका दिवसाचे. त्या एका दिवसात सातेरी किंवा आग्या मधमाशी येऊन गेली तर फळ धरते. नाही आली तर फूल गळून जाते, आणि त्या जागी काहीही उरत नाही. सततधार पावसात मधमाशा पोळ्याबाहेर पडत नाहीत, तेव्हा बहर भरात असूनही फळाचे प्रमाण घटते, ही गोष्ट प्रत्येक बागायतदार जाणतो.

फळ तयार होण्यास तीन-चार महिने लागतात. ते तीन धारांचे हिरवे बोंड असते. आत तीन कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात एकमेकांना चिकटलेल्या, कोनदार, तपकिरी-काळ्या बियांची रास. बियांभोवती एक पातळ, किंचित गोडसर आणि बुळबुळीत पडदा असतो. वाळलेल्या वेलदोड्यात तो जवळजवळ दिसेनासा होतो, परंतु झाडावरून नुकतेच तोडलेले फळ दातांनी फोडल्यास आधी त्याचीच गोडी जिभेवर येते, आणि मग बीचा तो कापूरगंधी, थंड झणझणीतपणा. बाजारातला वेलदोडा ओळखणाऱ्या पुष्कळांना ही पहिली गोडी ठाऊक नसते. फळ पूर्ण पिकू दिले तर बोंड उकलते आणि सुगंध उडून जाऊ लागतो. म्हणून आतले बी काळे झाले की, पण बोंड अद्याप हिरवे आहे तोपर्यंत, ते तोडण्याचा रिवाज आहे. सगळी फळे एकदम तयार होत नाहीत. एकाच काडीवर फूल, कोवळे बोंड आणि तयार फळ शेजारी शेजारी असतात, आणि त्यांतून नेमके तयार फळ खुडण्याचे काम डोळस बोटांनीच होते. अशा वेचण्या तीन-तीन, चार-चार आठवड्यांच्या अंतराने अनेकदा कराव्या लागतात. वेलदोडा महाग का, याचे उत्तर पुष्कळसे या बोटांत आहे.

वेलदोडा माणसाळला खरा, पण त्याने माणसापुढे स्वतःच्या अटी घातल्या, हे मला या साऱ्या प्रकरणातले सर्वांत विचारणीय सत्य वाटते. त्याला सावली हवी, पण गडद अंधार नको. त्याला पाऊस भरपूर हवा, पण मुळाशी पाणी तुंबलेले नको. वारा लागला की त्याची पाने फाटतात, आणि ऊन लागले की ती करपतात. कोडगूच्या अरण्यात पूर्वी वेलदोड्याची जी पद्धत होती ती या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. लोक बी पेरीत नसत आणि रोपही लावीत नसत. अरण्यातली योग्य जागा हेरून तेथली खुरटी झुडपे साफ करीत, आणि मग एखादा प्रचंड वृक्ष तोडून उतारावर कोसळू देत. त्याच्या कोसळण्याने माती हादरे, छताला भगदाड पडून उजेडाचा एक झोत तळापर्यंत येई, आणि थोड्याच महिन्यांत त्या जागी, मातीत पडून राहिलेल्या बियांतून, वेलदोड्याची रोपे आपोआप वर येत. म्हणजे माणसाने केवळ अरण्याच्या छतात एक झरोका करावयाचा. पुढचे काम अरण्य करी. या पद्धतीत वृक्षाचा बळी जाई हे खरे, परंतु सभोवारचे अरण्य जसेच्या तसे राखल्याशिवाय ती चालूच शकत नसे.

सोंदे आणि शिरसीकडच्या सुपारीच्या बागांत दुसरी तऱ्हा रूढ झाली. फ्रान्सिस बुकॅनन हा इंग्रज कंपनीच्या नोकरीतला वैद्य 1801 साली त्या मुलखातून गेला, आणि सुपारी, मिरी, विड्याची पाने व वेलदोडा एकाच बागेत कसे सांभाळले जातात याचे सविस्तर वर्णन त्याने आपल्या प्रवासवृत्तात करून ठेवले. गोव्याचे कुळागर हे त्याच व्यवस्थेचे सख्खे भावंड आहे. डोंगराच्या कुशीत, झऱ्याच्या मुखाशी, उतारावर ते बसविलेले असते. सर्वांत वर नारळ आणि सुपारी, सुपारीच्या अंगावर चढलेली मिरी, मधल्या थरात केळी, जायफळ, निरफणस, आणि सर्वांत खाली, पाटाच्या ओलसर काठाने, हळद, आले, अननस आणि वेलदोडा. झऱ्याचे पाणी पाटातून एका अळ्यातून दुसऱ्या अळ्यात फिरते, आणि ज्या ठिकाणी अनेक कुळागरे एकाच झऱ्यावर असतात तेथे कोणी कोणत्या वेळी पाणी घ्यावयाचे याची पाळी पूर्वापार ठरलेली असते. अशा पाळ्यांवरून जे तंटे झाले आणि जे निवाडे झाले त्यांची हकीकत जुन्या मोडी दप्तरांत शोधणाऱ्याला पुष्कळ सापडेल. सखल गोव्यातला वेलदोडा घाटमाथ्यावरच्यासारखा भरघोस धरत नाही. सहाशे मीटरांच्या वरची थंड, धुकट हवा त्याला अधिक मानवते. तरीही कुळागराच्या मालकिणीच्या फडताळात घरच्या वेलदोड्याची एक बरणी असते, आणि ती विकत घेतलेल्या वेलदोड्याशी कधी मिसळली जात नाही.

ग्रंथांतरी या फळाचा उल्लेख फार जुना आहे. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत एला येते. दालचिनी व तमालपत्र यांच्यासह तिचे त्रिजात होते, त्यात नागकेसर मिळविले की चतुर्जात. आणि आजही कोणत्याही वैद्याकडे मिळणारे सितोपलादि चूर्ण तिच्यावाचून पुरे होत नाही. कालिदासाने रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघूचे सैन्य मलयपर्वताच्या पायथ्याशी नेले आहे, तेथे घोड्यांच्या टापांखाली चुरडलेल्या वेलदोड्यांची धूळ उडून मत्त हत्तींच्या गंडस्थळांवर बसते असे वर्णन आहे. मुळाशी धरणारे, जमिनीलगतचे फळच टापांखाली येऊ शकते, हे ज्याने वेलदोडा झाडावर पाहिला आहे त्याच्या ध्यानात तात्काळ येईल. ही कल्पना करणाऱ्या कवीला, किंवा ज्याच्याकडून त्याने ती ऐकली त्या प्रवाशाला, ती वनस्पती प्रत्यक्ष ठाऊक असली पाहिजे, असे मानण्याकडे माझा कल आहे.

परंतु गोमंतकाच्या दृष्टीने सर्वांत अभिमानाची नोंद निराळीच आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगेज वैद्य 1534 साली गोव्यास आला, आणि जवळजवळ तीस वर्षांच्या निरीक्षणानंतर त्याने हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांवर संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापून प्रसिद्ध झाला. त्यातला तेरावा संवाद वेलदोडा आणि करवंद यांच्यावर आहे. ग्रीक आणि अरब वैद्यांनी ज्याला वेलदोडा म्हटले ते फळ आणि प्रत्यक्ष येथील बाजारात मिळणारे फळ एकच की भिन्न, लहान आणि थोर वेलदोड्यांत भेद कोणता, असे प्रश्न त्याने तेथे चर्चिले आहेत. आणि प्राचीन ग्रंथांच्या प्रामाण्यापेक्षा डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तूला अधिक मान देण्याची त्याची वृत्ती त्या पानांतून स्पष्ट दिसते. सव्वाशे वर्षांनी वान ऱ्हीड या डच अधिकाऱ्याने बारा खंडांचा मलबारी वनस्पतिग्रंथ सिद्ध केला, त्याच्या अकराव्या खंडात वेलदोड्याची चित्रे आहेत. या ग्रंथाच्या कामी त्याला साहाय्य करणारे रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तिघे वैद्य कोचीत राहणारे कोकणी ब्राह्मण होते, म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी गोव्याहून स्थलांतर केले अशांपैकी. त्यांचे नागरी लिपीतले प्रमाणपत्र ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापलेले आहे. आपल्या वनस्पतींचे शास्त्रीय ज्ञान युरोपात गेले ते आपल्याच माणसांच्या बोटाला धरून गेले, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. पुढे इंग्रज अमदानीत ग्रॅहॅम याने 1839 साली मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची यादी केली. डाल्झेल आणि गिब्सन यांचा ग्रंथ 1861 साली निघाला. कोकणातील एका रानआल्याला त्यांच्या काळच्या निम्मो या अभ्यासकाचे नाव अद्याप चिकटलेले आहे. रोल्ला शेषगिरी राव यांनी गोवा, दीव, दमणच्या वनस्पतींचा जो द्विखंडात्मक ग्रंथ ऐंशीच्या दशकात सिद्ध केला, त्याच्याशिवाय आज कोणत्याही अभ्यासकाचे पाऊल पुढे पडत नाही.

जगाच्या इतर भागांतही या कुलाची फळे लोक खातात, हे येथे संक्षेपाने सांगितलेले बरे. पश्चिम आफ्रिकेतील मलगेटा हे त्यांपैकी एक. त्याच्या झणझणीत बियांचा व्यापार पोर्तुगेजांनी पंधराव्या शतकात हाती घेतला, आणि त्यानंतर ते हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागले. म्हणजे गोव्यास येण्यापूर्वीच या घराण्याच्या एका फळाशी त्यांची गाठ पडलेली होती. त्याच जातीच्या भाईबंदांची लाल फळे आफ्रिकेतल्या गोरिलांचे आवडते खाद्य आहे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील निळ्या फळाच्या आल्याचे बोंड फोडून तेथील आदिवासी बियांभोवतीचा आंबटसर पांढरा गर खात आणि बिया टाकून देत. सिक्कीम आणि नेपाळकडचा मोठा वेलदोडा आपल्या काळ्या मसाल्यात नित्य पडतो. आणि सह्याद्रीचा लहान वेलदोडा पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ग्वाटेमालात गेला तो तेथे इतका रमला, की आज जगाला वेलदोडा पुरविण्यात तो देश अग्रभागी आहे, जरी तेथले लोक स्वतः तो फारसा खात नाहीत.

परत गोव्यात येऊ. कारण या फळाचा खरा अर्थ मला येथल्या एका साध्या पक्वान्नात सापडतो. श्रावणात, नागपंचमीला, घरोघर पातोळ्या होतात. परसातल्या हळदीचे ताजे, रुंद पान धुऊन घ्यावयाचे. तांदूळ भिजवून वाटलेले पीठ बोटांनी त्यावर पातळ पसरावयाचे. मध्ये खवलेला नारळ आणि गूळ यांचे चून घालावयाचे, त्यात वेलदोड्याची पूड. मग शिरेवर पान दुमडून त्या वाफवावयाच्या. वाफ आत शिरली की हळदीच्या पानातले तेल पिठात उतरते आणि चुनातला वेलदोडा बाहेर येतो, आणि पान सोलताना पातोळीच्या पांढऱ्या अंगावर त्याच्या शिरांची नक्षी उमटलेली दिसते. एका वनस्पतीचे पान बाहेर, तिच्याच कुलातील दुसरीचे फळ आत. ज्या घराण्याचा कंद आपण रोज फोडणीत टाकतो, त्याचे पान आणि फळ असे एकत्र आणण्याची सुगरणीची बुद्धी कोणत्या ग्रंथातून आलेली नाही. ती पावसाळ्यात परसात काय तरारलेले आहे हे पाहून आलेली आहे. पंधरा ऑगस्टला, मेरीमातेच्या सणाला, ख्रिस्ती घरांतही याच पातोळ्या होतात.

याच सुमारास, भाद्रपदात, चवथीची माटोळी बांधली जाते. गणपतीच्या मूर्तीवर लाकडी चौकट टांगून तिला नारळ, सुपारीचे शिपटे, तोरंजन, माटीची फळे, कांगले, केवणी, घागऱ्या, कवंडळ अशी रानातली फळे-फुले बांधण्याचा हा रिवाज गोव्याचे वैशिष्ट्य होय. कोणते फळ कोणत्या व्हाळाच्या काठी मिळते हे ज्याला ठाऊक आहे त्याच्यावर माटोळीची मदार असते. आणि सुर्ला, साखळी, पेडणे या भागांतली अशी माणसे, पुस्तक एकही न वाचता, कित्येक वनस्पतिशास्त्रज्ञांना रानाची वाट दाखवू शकतील. पेवाच्या लाल छदांतून उकलणारे बोंड, त्यातील पांढऱ्या गरात बसलेल्या काळ्या बिया, आणि त्यांवर येणारे पक्षी. रानआल्याच्या उमललेल्या बोंडाचा आतला शेंदरी रंग. याच कुलातल्या चिमुकल्या ग्लोबाच्या बिया ओढून नेणाऱ्या मुंग्या: हे सारे याच दिवसांत रानाच्या तळाशी चाललेले असते. पेव हल्ली शास्त्रज्ञ वेगळ्या कुलात धरतात. त्याची पाने खोडावर मळसूत्रासारखी चढतात आणि त्याला सुगंध नसतो. पण रानात हिंडणारा त्याला आल्याच्या शेजारीच ओळखतो, म्हणून या पुस्तकातून त्याला वगळणे मला उचित वाटले नाही.

एवढे सांगितल्यावर डिचोलीच्या सुर्ल्याविषयीची दुःखद गोष्टही सांगितलीच पाहिजे. हे गाव लोहखनिजाच्या पट्ट्यात येते. विसाव्या शतकाच्या मध्यास, पोर्तुगेज अमदानीत दिलेल्या खाणपट्ट्यांवर, जपानला निर्यात होणाऱ्या खनिजासाठी या तालुक्यात जे खोदकाम सुरू झाले, ते पुढे भूजलाच्या पातळीखाली गेले. खाणींतले पाणी उपसून बाहेर टाकण्यात आले, टाकाऊ मातीचे डोंगर उभे राहिले, आणि पावसाने त्यांतून वाहून आलेला लाल गाळ व्हाळांत आणि शेतांत साचला. 2012 साली शहा आयोगाच्या अहवालानंतर खाणी बंद पडल्या, काही काळाने पुन्हा सुरू झाल्या, आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पुन्हा थांबल्या. खाणीवर ज्यांची चूल पेटत होती त्यांच्या हालांची कदर न करता या प्रश्नाकडे पाहणे अन्यायाचे होईल. तथापि वनस्पतीच्या बाजूने जे सांगावयाचे ते स्पष्ट आहे. झरा आटला की कुळागर मरते, आणि कुळागर मरताना सर्वांत आधी त्याचा तळचा थर मरतो. नारळ काही वर्षे तग धरतो, सुपारी पिवळी पडत पडत टिकते, पण वेलदोडा एका उन्हाळ्यात जातो. म्हणून झऱ्याची प्रकृती पाहावयाची असेल तर माडाच्या शेंड्यांकडे न पाहता पाटाच्या काठच्या वेलदोड्याकडे पाहावे. पेडण्यातही, मोपाच्या जांभ्या पठारावर विमानतळ झाल्यापासून, पठार पावसाचे पाणी पोटात धरून पायथ्याच्या झऱ्यांना कसे पुरविते हा प्रश्न लोकांच्या बोलण्यात अधिक येऊ लागला आहे. आणि वर घाटमाथ्यावर, 1999 साली म्हादई अभयारण्य झाले असले तरी, म्हादईच्या उपनद्यांचे पाणी वळविण्याचा वाद 2018 च्या लवादाच्या निवाड्यानंतरही मिटलेला नाही. त्या पाण्यात सुर्ला नालाही आहे.

पुढील प्रकरणांत प्रत्येक वनस्पतीचे वर्णन, तिचे स्थानिक नाव, बहराचा व फळाचा काळ आणि लोकांतला उपयोग दिलेला आहे. वाचकाला एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे: आर्द्रक-कुलातील प्रत्येक रानफळ खाण्याजोगे असते असे मुळीच नाही, आणि दोन वनस्पतींची पाने सारखी दिसली म्हणून त्यांची फळेही सारखीच असतील असे समजू नये. गावातला जाणता माणूस जे खात नाही ते आपण चाखू नये. बहर पाहावयाचा तर ज्येष्ठ-आषाढात पाऊस उघडण्याची वेळ धरून सकाळी लवकर जावे. फळ पाहावयाचे तर भाद्रपद उलटल्यावर. रान पाहून आल्यावर एखादे रोप आपल्या परसात असावे अशी इच्छा पुष्कळांना होते. त्यांना माझी विनंती अशी, की गड्डा उपटू नये. उपटलेल्या गड्ड्याबरोबर त्या जागचा सगळा वंश जातो. फळ घेतल्याने जात नाही. तयार वेलदोड्याचे बोंड फोडून बिया धुवाव्यात, त्यांवरचा बुळबुळीत पडदा राखेने चोळून काढावा, आणि त्या ताज्या असतानाच सावलीतल्या वाफ्यात पेराव्यात. साठवून ठेवलेल्या बियांची उगवण झपाट्याने कमी होते. वाफ्यावर पाचोळ्याचे आच्छादन असावे आणि पाणी झारीने द्यावे. रोप वर येण्यास महिना-दीड महिना लागतो, वाफ्यातून हलविण्याजोगे होण्यास वर्षाहून अधिक, आणि फुलोऱ्याची पहिली काडी बहुधा लावणीनंतर तिसऱ्या पावसाळ्यात बुंध्याशी दिसू लागते.